कसला पांढरा

तोंडात अचानक खारट पाणी आलं, तेव्हा मी एका गृहस्थाची भिंत जुळवत होते. भिंत म्हणजे भिंतीचा पोपडा. आमच्या रंगाच्या दुकानात लोक पोपडे घेऊन येतात. कागदाच्या पुडीत, रुमालाच्या कोपऱ्यात, एकदा तर एका बाईंनी कानातल्याच्या डबीत आणला होता. नखाएवढा तुकडा काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, 'हाच हवा. अगदी हाच.' मग मी पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब रंग सोडते, सुरीनं घोटते, पुठ्ठ्यावर एक फराटा ओढते आणि हाताची घडी घालून उभी राहते. यंत्र आहे दुकानात, पण ते मालकांच्या मेव्हण्यासारखं आहे, मनात आलं तर काम करतं. आणि ओला रंग खोटं बोलतो. ओला असताना फिका दिसतो, वाळला की एक पायरी खाली उतरतो. म्हणून वाळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम. गिऱ्हाईक म्हणतं, 'अहो, हाच की!' मी म्हणते, 'थांबा.' लग्नाच्या वेळीही अशीच थांबली असतीस तर, असं आई म्हणते. ते वाळल्यावर भलतंच निघालं, तेव्हापासून आम्ही दोघीच. तर त्या दिवशीचा पोपडा पांढरा होता, आणि पांढऱ्यासारखा छळवादी रंग नाही. लोकांना वाटतं, पांढरा म्हणजे पांढरा. पण दुधाचा पांढरा वेगळा, दाताचा वेगळा, नुकत्याच धुतलेल्या चादरीचा वेगळा आणि आजाऱ्याच्या चादरीचा त्याहून वेगळा. मी वाकून बेसचा मोठा डबा उचलला, आणि छातीत उजवीकडे काहीतरी सुटलं. दुखलं नाही. मोरीतलं बूच निघावं तसं सुटलं. खोकला आला आणि तोंड भरलं. कोमट, खारट पाणी. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही पाठमोरा, कारण फोटो काढणारा समोर उभा होता. पण मला वाटलं, हा तोच, आता इतक्या वर्षांनी मागून आलाय. बेसिनशी जाऊन थुंकले. स्वच्छ पाणी, आणि त्यात अंड्याच्या कवचाखाली असतो तसला पापुद्रा, चिमूटभर. नळ सोडला, गेलं वाहून. परत आले तर फराटा वाळला होता. अर्धी पायरी पिवळा जास्त झाला होता.

दुपारपर्यंत अंगभर गांधी उठल्या, आणि त्या गेल्या तरी खोकला गेला नाही, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो उजेडाच्या चौकटीवर लावला. माझी छाती मी पहिल्यांदाच इतकी शांतपणे पाहत होते. बरगड्या राखाडी, मधला काळोख निळसर, आणि उजवीकडे खाली एक डाग. गोल म्हणावा तर गोल नाही, कडा चुरगळलेल्या. डॉक्टर तो डाग निरखत होते. मीही त्याचा रंग मनात बसवत होते: पांढऱ्यात काळा, सुरीच्या टोकावर मावेल एवढा, आणि निळ्याची नुसती आठवण. मग ते म्हणाले, 'गाठ दिसतेय. भरीव आहे. या वयात अशी गाठ आम्ही साधी धरून चालत नाही. काढायची आणि मग बघायचं.' मी म्हटलं, 'म्हणजे वाळल्यावर सांगणार तुम्ही.' त्यांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे, घाबरलेली माणसं काहीही बोलतात, अशा मायेनं पाहिलं. बाहेर रस्त्यावर सगळं होतं तसंच होतं. एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. तो प्रत्येक अक्षर पुसून थोडं मागं झुकायचा, त्याची शिडी डगमगायची, आणि मी मात्र त्याच्या कापडाचा मळका निळा बघत तिथंच उभी राहिले, किती वेळ कोण जाणे.

घरी आले तेव्हा आई खिडकीत बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवत होती. 'काय म्हणाले?' वाटेत मी तीन-चार शब्द जमवले होते, सूज, डाग, कफ. पण आईनं वर पाहिलं आणि ते सगळे पळाले. 'गाठ म्हणाले.' लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवरून खाली पडला आणि पलंगाखाली गेला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. पाण्याच्या आवाजातच तिनं विचारलं, 'दादासारखी?'

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या डोक्यात गाठ झाली आणि त्याला मिसरूड फुटायच्या आधीच तो गेला. ते गाव छोटं, डॉक्टर एकच, आणि त्यांनी हातानं डोकं चाचपून, डोळ्यांत बॅटरी मारून बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, मोठ्या शहरात नेलं तरी फार काही होणार नाही. आधी त्याचं डोकं दुखायचं. मग सकाळी उलट्या. मग एकाचे दोन दिसायला लागले, त्याची त्याला मजाच वाटली. 'ठमे, आज तू जुळी आहेस,' म्हणायचा. ठमी म्हणजे मी. मग दोन्ही ठम्या पुसट व्हायला लागल्या. तो खाटेवर पडून असायचा आणि मी शाळेतून आले की मला खिडकीत उभं करून विचारायचा, 'समोरच्या घराचं दार कुठल्या रंगाचं आहे आज?' मी म्हणायचे, 'हिरवं.' 'हिरवं म्हणजे कसलं हिरवं?' आणि तिथंच सगळं सुरू झालं. मी पळत रस्ता ओलांडायचे, दाराला नाक लावायचे, परत यायचे. 'पायरीवर शेवाळ धरतं तसलं, पण त्यावर कुणीतरी दूध सांडलंय.' तो डोळे मिटून बघायचा. 'हां. आलं.' माझ्या तोंडून निघालेला रंग त्याच्या मिटल्या डोळ्यांत जाऊन पसरताना मला दिसायचा. त्याला मी कधी खोटा रंग सांगितला नाही. एकदा त्यानं विचारलं, 'आणि माझं तोंड?' आई पलीकडेच उभी होती, ती मला डोळ्यांनी दटावत होती. मी म्हटलं, 'मेणबत्तीसारखं. जुन्या.' तो इतका हसला की ठिपक्या भुंकायला लागला. ठिपक्या आमचा कुत्रा. मळकट पांढरा, पाठीवर एकच तांबूस ठिपका, जणू कुणी ब्रश झटकला होता. दादाच्या उशीत डोकं खुपसून झोपायचा, त्याची बोटं चाटायचा, आमच्या ताटात तोंड घालायचा, आणि त्याला कुणी हाकललं तर दादा दोन घास जेवायचाच नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली आणि मधले दिवस आले. असे दिवस मोजता येत नाहीत, ते ओल्या भिंतीसारखे असतात, हात लावला तर हाताला लागतात. मी दुकानात जात राहिले. मालकांनी सुटी घ्या म्हणून सांगितलं आणि लगेच विचारलं, 'पण बाई, त्या हॉटेलवाल्याचा बदामी तेवढा करून जाल ना?' केला. घरी आई हिशेब मांडायची. हिशेब एकच, पुन्हा पुन्हा. 'दोन मुलं. एकाच्या डोक्यात, एकीच्या छातीत. म्हणजे माझ्यातच काहीतरी असणार. माझ्या पोटातूनच घेऊन आलात तुम्ही.' मी म्हणायचे, 'आई, असं काही नसतं.' 'तुला काय माहीत? तू रंगाच्या दुकानात आहेस.' त्या हिशेबातून बाहेर यायला तिच्याकडे एकच वाट होती, ती म्हणजे ठिपक्या. लोकर गुंडाळता गुंडाळता तिचा आवाज एकदम हलका व्हायचा. 'काय गं तो मेला, आणलात तेव्हा नुसती कातडी आणि डोळे. दादा म्हणाला, आई, हा जगला पाहिजे. मग मी त्या मटणवाल्याकडे जाऊन उभी राहायचे. पाण्याचे फुगे धरलेली कलेजी तो फेकून द्यायचा ना, माणसांना कशी विकणार? मी म्हटलं, फेकतोस कशाला, माझ्या तिसऱ्या लेकराला दे. आणायची आणि तशीच कच्ची घालायची. दादा एकेक फुगा काडीनं फोडायचा, आठवतं? पिचकारी उडायची. तू किंचाळत पळायचीस. दोन महिन्यांत कुत्रा असा झाला, असा!' आणि ती हातांनी ठिपक्याची रुंदी दाखवायची, लोकरीसकट. दादा शेवटी शेवटी फार बोलत नव्हता, पण आईला त्यानं सांगितलं होतं, ठिपक्याला उपाशी ठेवू नकोस. तिनं नाही ठेवलं. दादा गेल्यावर कितीतरी वर्षं, कुत्रा म्हातारा होऊन मरेपर्यंत, ती त्या मटणवाल्याकडे जात राहिली. बाबा वैतागायचे, वास येतो म्हणायचे. ती म्हणायची, 'माझ्या मुलानं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही.' मी ऐकत असायचे. मलाही त्या गोष्टीची सवय होती, उबदार पांघरुणासारखी. तिचा एकही धागा मी कधी ओढून बघितला नव्हता.

ऑपरेशनच्या टेबलावर गुंगीचा मास्क तोंडावर ठेवला तेव्हा कुणीतरी म्हणालं, 'मावशी, छान काहीतरी आठवा.' मी रंग आठवायला गेले तर ते आपणच यायला लागले, एकातून एक. छताचा पांढरा आधी निळसर झाला, मग ताकासारखा, मग त्यात कुणीतरी थेंब थेंब पाणी सोडत गेलं आणि तो वाढत गेला, इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसावं. पलीकडे खाट होती. दादा पाण्याखाली पडल्यासारखा पडला होता, केस हलत होते. मी पोहत गेले; मला पोहता येत नाही. 'ठमे, हे कसलं पाणी?' 'खारट,' मी म्हटलं. 'चव नाही गं, रंग सांग.' मी बघत राहिले, पण त्या पाण्याला रंगच नव्हता. माझ्याकडे त्याच्यासाठी शब्द नव्हता, आणि मला लाज वाटली, इतकी वर्षं दुकानात काढून. ठिपक्या वरून पोहत गेला, त्याचे चारही पाय सावकाश हलत होते, आणि त्याच्या पोटाखाली मोत्यांसारखे बारीक बुडबुडे चिकटलेले होते. ते एकेक सुटून खाली यायला लागले. एक दादाच्या कपाळावर बसला. एक माझ्या छातीवर. दोन्ही वितळले, बर्फ वितळतो तसे. दादा म्हणाला, 'गुदगुल्या होतात.' आम्ही हसलो. वर आई उभी होती, हातात ताटली घेऊन, आणि ती आनंदानं हाका मारत होती, पण पाण्यामुळं कुणाला मारतेय ते कळत नव्हतं.

शुद्धीवर आले, कुशीत नळी होती, श्वास घेताना बरगडीला शिवण असल्यासारखं वाटत होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई सकाळी आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, मला मुलगी असती तर. त्यांचा चेहरा कसा उजळला होता! 'मावशी, पेढे द्या! गाठ नाहीच ती. म्हणजे आम्हाला वाटली तसली नाही. जंत आहे.' मला वाटलं, गुंगी उतरली नाही अजून. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि सांगायला लागल्या, चांगली बातमी सांगणारी माणसं सांगतात तसं, हातवारे करत. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी कुत्र्याच्या अंगाला, तोंडाला लागतात, आपण त्याला कुरवाळतो, तेच हात तोंडात जातात. पोटातून रक्तात, रक्तातून कुठंही. तिथं एक पिशवी धरते, पाण्यानं भरलेली, आणि सावकाश वाढत राहते. 'कधी कधी तीस-चाळीस वर्षंसुद्धा गप्प बसते. तुमची फुटली होती. ते खारट पाणी तिचंच. पाणी गेलं, साल आत चुरगळली, म्हणून फोटोत भरीव दिसली. अख्खी काढलीय. आता काही महिने जंताच्या गोळ्या घ्यायच्या, झालं!' आणि मग, सहज, वहीत काहीतरी लिहिता लिहिता: 'लहानपणी कुत्रा होता का घरी?' मी म्हटलं, 'होता.' 'त्याला कच्चं मटण, कलेजी वगैरे घालायचं का कुणी? मेंढीच्या कलेजीत हे फुगे असतात बघा, पांढरे, पाण्याचे. ते कुत्र्यानं खाल्ले की त्याच्या पोटात जंत.' खिडकीतून ऊन येऊन माझ्या चादरीवर पडलं होतं. मी त्याच्याकडे बघत होते. 'ही पिशवी कुठंही होते म्हणालात,' मी विचारलं. 'डोक्यातसुद्धा?' 'क्वचित. लहान मुलांत जास्त. पूर्वी कळायचंच नाही, ट्यूमर म्हणूनच जायची पोरं.' मग त्यांनी वर पाहिलं. 'का हो?' मी म्हटलं, 'काही नाही. मला ती दाखवता का?'

त्यांनी बरणी आणवली. पातळ द्रावणात एक चुरगळलेली पिशवी, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी, कडेला किंचित पारदर्शक. अलगद हलत होती. हा पांढरा मी आधी पाहिला होता. मागच्या अंगणात, पत्र्याच्या ताटलीत, तांबड्या काळ्या कलेजीवर, काडी टोचायच्या आधी. मला राग यायला हवा होता, किंवा किळस. पण मला वाटलं, हे ठिपक्याचं. हे दादाच्या खाटेजवळचं. त्या घरातलं सगळं गेलं, दार गेलं, खाट गेली, बाबा गेले, आणि त्यातलं एवढंच काहीतरी माझ्या उजव्या बरगडीखाली मुक्कामाला होतं, माझ्याबरोबर लग्नाला आलं, माझ्याबरोबर परत आलं, रोज दुकानात येऊन डबे उचलत राहिलं. आम्ही दोघं भावंडं एकाच ताटलीतून वाढलो होतो. त्याची पिशवी घाईची निघाली, माझी थांबली. 'टाकून देणार?' मी विचारलं. 'तपासायला जाणार,' त्या म्हणाल्या. 'मग टाकून.'

आई दुपारी येणार होती. तोपर्यंत मी पडून होते आणि दोन डबे समोर ठेवल्यासारखी दोन उत्तरं बघत होते. खरं सांगितलं, तर आई एवढंच ऐकेल: जंत, कुत्रा, कलेजी. तिला जुळवायला वेळ लागत नाही, जुळवणारा हात मला तिच्याकडूनच आलाय. क्षणात ती त्या मटणवाल्याच्या दारात जाऊन उभी राहील, हसत, हात पुढे करून, आणि मग आयुष्यभर तिथून हलणार नाही. तिचा तिसरा मुलगा, तिनं पाळलेला शब्द, ताटली, पिचकारी, सगळ्याला वास येईल. आणि खोटं सांगितलं, गाठच होती म्हटलं, तर तिचा तो दुसरा हिशेब पक्का होणार: माझ्याच पोटातून घेऊन आलात. इकडून आई, तिकडूनही आई. माझ्या जिवावरचं टळलं होतं आणि ते कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती. बाजूच्या खाटेवरच्या बाईंना कळलं होतं, त्या कौतुकानं म्हणत होत्या, 'नशीबवान हो तुम्ही, नुसता जंत!' मी त्यांना म्हटलं, 'माझी आई येईल, तिच्यासमोर नका बोलू.' 'का हो? आनंदाची गोष्ट आहे.' 'तिला किळस वाटते,' मी म्हटलं.

आई आली ती दारातच थबकली, मग खाटेच्या कडेला बसली, मग माझे पाय चाचपले, जणू तेही काढलेत की काय. तिच्यामागून मालक आले, हातात फळांची पिशवी आणि खिशात पुठ्ठ्याचे दोन तुकडे. 'बाई, त्रास देत नाही. एवढंच सांगा, यातला हॉटेलवाल्याचा कुठला?' 'डावा.' 'देव भलं करो,' म्हणून ते दोन मिनिटं खुर्चीवर अवघडून बसले आणि गेले. आईनं पिशवीतली फळं मोजल्यासारखी हातानं चाळवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'काढली?'

'काढली. अख्खी.'

'होती ना गाठच?'

मी श्वास घेतला, शिवण ओढली गेली. 'गाठच होती. पण वेळेत निघाली. आता नाही होणार.'

आईनं मान हलवली, सावकाश, एखादी गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असावी तशी. 'दादाचीच,' ती म्हणाली. 'माझ्याकडून आली.'

'नाही,' मी म्हटलं. 'डॉक्टरांना विचारलं मी. अशी गाठ बापाकडून येते.'

हे माझ्या तोंडून कुठून निघालं, मला माहीत नाही. बाबा बिचारे फोटोत बसून होते. जिवंतपणीही त्यांच्यावर पाऊस न पडल्याचा आळ यायचा. आईनं डोकं वर केलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं, इतक्या हळू की मला ते वाळताना दिसलं. 'बापाकडून?' 'हो.' 'तरीच!' ती म्हणाली. 'तुझ्या बाबांच्या घरात एक माणूस धड असेल तर शपथ. आत्या ती तशी. काका तोंडानं नुसते गोड, आतून सगळे पोखरलेले. मी तेव्हाच म्हणत होते. लग्नातच त्यांचे ओठ काळे दिसले होते मला.' तिनं डोळे पुसले, आणि पुसता पुसता जवळजवळ हसली. एवढ्या वर्षांनी तिला त्या घराशी भांडायला नवीन कारण मिळालं होतं. ती भांडत राहिली, एक फळ घेऊन सोलू लागली, आणि साल लांब, न तुटता खाली उतरत गेली. मग आवाज हलका झाला. मला कळलं, आता कोण येणार.

'तो ठिपक्या असता ना,' ती म्हणाली, 'तर तुझ्या या खाटेखाली येऊन बसला असता. कुणाचं ऐकलं नसतं. बरं झालं बाई, मी त्याला पोटभर घातलं. दादानं सांगितलेलं एवढं तरी माझ्या हातून झालं.'

'झालं,' मी म्हटलं.

फोड माझ्या हातात देताना तिचा हात थांबला. 'तू पाहिलीस ती? गाठ?'

'पाहिली.'

'दादाची कुणी पाहिलीच नाही.' ती थोडी पुढे झुकली. तिला खरंच बघायचं होतं. आपल्या मुलाच्या डोक्यात काय होतं ते तिला इतकी वर्षं बघायचं होतं, आणि बघायला तिच्याजवळ माझ्याखेरीज कुणी नव्हतं. 'कशी होती गं? कुठल्या रंगाची?'

पांढरा तोंडाशी आला. दुधावरच्या सायीखालचा पांढरा, अंड्याचा, पत्र्याच्या ताटलीतला, काडी टोचायच्या आधीचा. एवढा नेमका रंग मला आयुष्यात पुन्हा सांगायला मिळणार नव्हता. आणि आईनं तो ओळखला असता. बाजूच्या बाईंनी पुस्तकातून डोकं वर काढलं होतं. ऊन चादरीवरून सरकून आईच्या हातावर आलं होतं.

'काळी,' मी म्हटलं.

'वाटलंच,' आई म्हणाली, आणि तिनं मला फोड भरवली. मी डोळे मिटले. पाण्याखालून, खूप खालून, हसत, तो विचारत होता, 'काळी म्हणजे कसली काळी, ठमे?'

ओली आहे रे अजून. थांब.